धोंड्याला लोखंड

धोंड्याच्या महिन्यात जावयाला लोखंड देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माझ्या धाकट्या जावेचे, प्रेमलाचे वडील, गिरिधरराव. जुन्या जालन्यात त्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान होतं, तेव्हा लोखंडाला काही तोटा नव्हता. पण त्याबरोबर अक्कलही वजनावर विकून टाकली की काय, असं त्या दिवशी आष्टीत आमच्या घरी सगळ्यांनाच वाटलं.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. त्या साली अधिक महिना वैशाखात आला होता आणि मुकुंदभावजींचा लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. अधिकात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे आणि वर चांदीचं काहीतरी. माझ्या माहेरच्यांनी माझ्या नवऱ्याला चांदीचं निरांजन दिलं होतं. ते आम्ही एकदाही लावलं नाही. फडताळात ठेवायचं आणि दिवाळीला घासायचं, एवढाच त्याचा उपयोग. पण ते होतं म्हणून घरात माझा, उषाबाईचा, शब्द चालत होता, हे मला चांगलं ठाऊक होतं.

भावजी आणि प्रेमला सकाळीच जालन्याहून परतले. काय वाण आलं ते बघायला गल्लीतल्या बाया आधीच ओसरीवर येऊन बसल्या होत्या, सगळ्यांत पुढं शेजारची सोनूबाई. भावजींनी रेशमी फडक्यात बांधलेलं काहीतरी जड खाली ठेवलं.

"परात दिसून राह्यली गं चांदीची!" सोनूबाई म्हणाली.

आमच्या सासूबाईंचा, द्वारकाबाईंचा, चेहरा खुलला. त्यांनी स्वतः गाठ सोडली. आत होतं चाक. आडावर लावतात ते, मधे दोराची खोबण असलेलं, तेल पाजून काळंभोर केलेलं.

"हे काय म्हणायचं?"

"चाक हाय," भावजी खालमानेनं म्हणाले. "सासरे म्हणले, लग्नात आल्तो तवा बघितलं, तुमच्या आडाला चाक न्हाई."

सोनूबाईनं तोंडाला पदर लावला. मग सगळी ओसरी खुसखुसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "जावयाला लोखंड? धोंड्याच्या महिन्यात? आरं, लोखंड शनीला देत असतेत, घरच्या विष्णूला न्हाई! बिलकुल ठेवायचं न्हाई हे घरात. आज सांजच्या गाडीनं परत. अन्‌ चाकासंगं ही बी." त्यांनी प्रेमलाकडं बोट केलं. "बापाला म्हणावं, चांदी देऊन धाड. तवर तिथंच ऱ्हा."

बायांचं हसू जागच्या जागी थांबलं. वडीगोद्रीची माझी मामेबहीण अशीच थोड्या दिवसांसाठी म्हणून परत पाठवली होती. ती माहेरीच म्हातारी झाली. प्रेमलालाही ते कळत होतं. मामंजी, म्हणजे आमचे सासरे रामराव, नुसते म्हणाले, "परतूरच्या टेसनापतूर मी सोडतो." घरातल्या कामात बायकोचा शब्द ते मोडत नसत.

दुपारी सासूबाई पोथी ऐकायला देवळात गेल्या. प्रेमलानं गाठोडं बांधलं आणि ती माझ्याकडं आली.

"जाऊबाई, जायचंच हाय तर एकदा लावून बघू का? बापानं दिलेलं तसंच माघारी न्यायला जीव हुईना."

मी नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगते, मलाही बघायचं होतं. आणि सकाळपासून खाली मान घालून बसलेले भावजी उठले, गोठ्यामागून बाभळीच्या दोन बेचक्या घेऊन आले आणि परसातल्या आडाच्या दोन्ही अंगांना रोवू लागले. वर आडवं लाकूड, त्याला चाक, चाकावरून दोर. प्रेमलानं पोहरा खाली सोडला, भरून काठाजवळ ओढून आणला, आणि तेवढ्यात मागच्या दारातून सासूबाई आल्या.

मामंजी तिथंच गाडीच्या बैलांना पाणी दाखवायला उभे होते.

"कोणी लावलं हे?" म्हणत सासूबाई तरातरा आडापाशी गेल्या आणि सगळं ओढून पाडायचं म्हणून त्यांनी दोर धरला.

आमच्या आडाचं पाणी फार खोल. काठाच्या दगडाला पाय रोवायचा, कमरेत वाकायचं आणि दगडावर दोर घासत पोहरा वर काढायचा. त्या दगडाला दोरानं खाचा पडल्या होत्या, बोट आत जाईल एवढ्या. सासूबाई नवरी होऊन आल्या तेव्हापासून आम्ही सुना येईपर्यंत त्यांनी एकटीनं हे पाणी ओढलं होतं. त्यांच्या तळहातावर रेघा उरल्या नव्हत्या, नुसते घट्टे होते. त्याच सगळ्या जन्माच्या ताकदीनं त्यांनी त्या दोराला हिसका दिला.

पोहरा उसळून वर आला, चाकावर आदळला आणि सगळं पाणी त्यांच्या अंगावर. त्या मागच्या मागं बसल्या.

आता घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण त्या वर चाकाकडं बघत राहिल्या. मग उठल्या. पोहरा परत खाली सोडला आणि या वेळी सावकाश, सरळ उभ्या राहून ओढला. पोहरा काठोकाठ भरलेला वर आला. त्यांनी तो बैलांच्या डोणीत ओतला आणि पुन्हा सोडला. आडापाशी त्यांची पाठ ताठ असलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. एवढ्या उंच होत्या आमच्या सासूबाई! मला कधी कळलंच नव्हतं.

"इतकं हलकं असतंय व्हय पानी?" त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कोण जाणे.

प्रेमला दोर घ्यायला पुढं झाली, पण त्यांनी दिला नाही. डोण भरून वाहायला लागली तरी त्या ओढतच होत्या. कुंपणापलीकडं सोनूबाई येऊन उभी राहिली होती. देवळात आरतीला उभं राहतो तशा आम्ही सगळ्या उभ्या होतो.

बैल डोणीला तोंड लावून पीत होते. सासूबाईंचं त्यांच्याकडं लक्ष गेलं आणि त्या थांबल्या.

"अव्हो," त्या मामंजींना म्हणाल्या, "शेतात मोटंला चाक हाय न्हवं आपल्या?"

"हाय की."

"कवापसून?"

"बापाच्या येळंपसून."

"काहून बसवलं?"

"काहून म्हंजे? बैलं दमतेत. चाकाबिगर मोट वढत असतेत का बैलं?"

बोलून गेले आणि मामंजींनाच ते ऐकू आलं. सासूबाईंनी दोर सोडला नव्हता. दुसरा हात उघडून त्यांनी पुढं धरला, घट्ट्यांचा, ओला.

"बैलं दमतेत," त्या म्हणाल्या. "अन्‌ मी?"

मामंजींनी त्या हाताकडं पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि हातात धरून तसेच उभे राहिले. गावात कुणापुढंही न झुकणारा तो माणूस!

"मुकुंदा, बैलं बांध गोठ्यात," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी कुठं जात न्हाई." मग प्रेमलाकडं न बघताच म्हणाल्या, "तुझ्या बापाला सांगावा धाड. म्हणावं, जावयाचं ऱ्हाऊ द्या. वाण मला पोचलं."