मोहाखालची आग

मोहफुलं पडायच्या दिवसांत आमचं गाव अर्धवट झोपेतच असतं. पहाटेपासून तो गोड, जड वास नदीवर पसरतो, पाण्यावरचं धुकं उठता उठत नाही, आणि जवळचं माणूस बोललं तरी लांबून बोलल्यासारखं वाटतं. अशाच एका सकाळी बापूरावभाऊ बाप्तिस्मा घ्यायला वैनगंगेच्या डोहात उतरले.

वर्षभर ते आमच्या प्रार्थनेला येत होते. रडायचे तर इतकं, की आम्ही बायका आपलं रडणं विसरून त्यांच्याकडं बघायचो. मला ते रडणं कधी पटलं नाही. डोळ्यांतलं पाणी फुकटचं असतं, असं माझं मत.

कमरेइतक्या पाण्यात पास्टर धनराजभाऊंनी विचारलं, "बापूरावभाऊ, पापाचा पश्चात्ताप होऊन राह्यला ना?"

"होऊन राह्य..." म्हणता म्हणता भाऊ थांबले. काठावर इसरू बैलांना पाणी पाजत होता. धुक्यात बैल दिसत नव्हते. नुसता इसरू, पाण्यावर उभा असल्यासारखा.

फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला सगळेच जाळतात. मागच्या खेपेला ती आग सुटली आणि कमलाबाईचा गोठा गाईसकट जळाला. इसरूनं लावली, असं बापूरावभाऊंनी सांगितलं आणि गावानं मानलं. गरिबाला बोल पटकन चिकटतो. मग त्याला गावात कुणी काम देईना. बिचारा मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागला, तो नुकताच परतला होता.

भाऊ पाण्यातून मागं फिरले.

"कुठी चालले?" पास्टर ओरडले.

भाऊ ओल्या कपड्यांनिशी इसरूसमोर उभे राहिले. "इसरू, ते आग मीनं लावली होती. तुयं नाव खोटंच घेतलं. माफ कर मले."

इसरूनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माह्या कानात काऊन सांगता? मले तं पयलेच मालूम होतं. गावाले सांगा."

मला मेलीला तेव्हा रडू फुटलं.

आम्ही सगळे गावात गेलो, इसरू बैल हाकत, पास्टरही निथळत मागोमाग. पानठेल्यासमोर भाऊंनी मोठ्यानं सगळं सांगितलं. कमलाबाई दारातून पुढं आली.

"माही गाय तुमीच जाळली, अन् धीर द्यालेबी तुमीच आले होते?"

"होय, बाई." या वेळी मात्र ते रडले नाहीत.

इसरूच्या डोळ्याला डोळा भिडवायची कुणाची छाती होईना. शेवटी पास्टर हळूच म्हणाले, "चला भाऊ. पाणी कुठी पळून नाई गेलं."

भाऊंनी इसरूकडं बघितलं. "तू येतं का?"

"मले नाई बुडायचं," इसरू म्हणाला. "अन् माफीचं आताच सांगता येत नाई. पण काठावर बसतो."

भाऊ पाण्याखाली गेले, वर आले. आम्ही हालेलुया म्हणत होतो. त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि आधी काठाकडं बघितलं. इसरू बसला होता.