लाल खुंटी

चिखलबोडीला रेडिओ आला त्याला दोन उन्हाळे झाले होते. गावात वीज नव्हती, तेव्हा चांदा जिल्ह्यात ती होतीच कितीशा गावांत. रेडिओ चाले तो मोटारीत असते तसल्या जड, काळ्या बॅटरीवर. ती उतरली की कोणीतरी कावडीला बांधून मूल या बाजारगावी न्यावी आणि भरून आणावी.

रेडिओ सांभाळायचं काम देवाजीकडे होतं. माणूस धानाच्या बांधीतला, पण चावडीतल्या त्या पेटीला हात लावण्याआधी हात धुऊन घेई. बॅटरीवर शिशाच्या दोन खुंट्या होत्या. लाल रंग लावलेल्या खुंटीला लाल तार, दुसरीला काळी. उलट लागलं तर पेटी जळेल, हे मूलच्या भैयाजी मेकॅनिकने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दिवाळीच्या दंडारीत, रात्रभर चालणाऱ्या नाचगाण्याच्या खेळात, नागपूरचे रेडिओवाले आले आणि मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या घनश्यामचं गाणं यंत्रात भरून घेऊन गेले. पौषात घनश्याम हिवतापाने गेला. लटारू आणि रुखमाबाईचा तो एकुलता एक. माघात निरोप आला की सोमवारी संध्याकाळी दंडारीची गाणी लागणार.

रुखमाबाई चावडीवर आली. पोरगा गेल्यापासून ती कोणाच्या दारात गेली नव्हती.

"देवाजीभाऊ, मले आयकू येईन ना? मी मंग पुळंच बसतो."

"पेटीच्या पाशीच बस बाई. पण बॅटरी उतरली हाये."

"हे जातेत ना मूलले," ती म्हणाली. आणि लटारू खरंच गेला. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला तोलाला दगड.

सोमवारी दिवस बुडता बुडता तो परतला. चावडीत सारं गाव जमलेलं. देवाजीने कंदील वर धरला, लाल खुंटी पाहिली, तिला लाल तार लावली, दुसरीला काळी, आणि बटण फिरवलं. आत काहीतरी चरचरलं. मग जळका वास आला. देवाजीने तारा ओढून काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. पेटी मुकीच राहिली.

रुखमाबाई पदर कानामागे घेऊन पेटीपाशी बसली होती. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. लोक उठून गेले तरी तिला ऊठ म्हणायला कोणी धजेना.

दुसऱ्या दिवशी भैयाजी सायकलवर आला. पिशवीतून त्याने मीटर काढला, त्याची लाल काडी लाल खुंटीला टेकवली, काळी दुसरीला. काटा पुढे सरकायचा तो शून्याच्या मागे जाऊन कडेला आपटला. काड्यांची अदलाबदल केली तसा काटा नीट पुढे गेला.

"उलटी लागली भाऊ. खुंट्या घासून साफ केल्या तं जुना रंग निंगून गेला, हे मी लटारूले सांगाले पायजे होतं. पण मंग हा लाल कोनं लावला?"

देवाजीने खुंटी नखाने खरवडली. रंग नव्हता तो. तेलात कालवलेलं कुंकू होतं. झाकणाच्या कडेला अक्षतेचा एक दाणा चिकटला होता. दारात आलेल्या नव्या नांगराला, जाळ्याला, बैलाला गावातली बाई पूजल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. लटारूची कावड आधी त्याच्याच दारात टेकली असणार. एक खुंटी दोराखाली झाकलेली, आणि जी समोर आली तिला रुखमाबाईने बोट लावलं.

तेवढ्यात रुखमाबाई चावडीच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं होतं, देवाजीभाऊ?"

देवाजीने खुंटी अंगठ्याने पुसली. "माह्या हातानं उलटं लागलं बाई. घाई झाली."

भैयाजी काही बोलायला गेला, पण देवाजीकडे पाहून मीटरच्या तारा गुंडाळू लागला.

"तुमी आयकलं काय काल?" तिने भैयाजीला विचारलं.

"आयकलं ना. दुकानासमोर मान्सं उभी होती."

"कोन्तं गानं होतं?"

भैयाजीला काही केल्या आठवेना. "आवाज मोठा होता," एवढंच तो म्हणाला.

"मोठाच होता," रुखमाबाई म्हणाली. मग देवाजीकडे वळली. "दोन सालांपासून लावून राह्यले. त्याच दिवशी चुकाचं होतं?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तळ्यावर समोरासमोर आली तर वाट सोडून पाण्यातून जाई. देवाजीच्या बायकोने एकदा चिडून विचारलं, "तुमाले काऊन दोष देते ते बाई?" तो म्हणाला, "देऊ दे."

पेटी दुरुस्त होऊन आली तेव्हा मोहाची फुलं गळून गेली होती. बॅटरी भरायला देवाजी स्वतःच गेला. परतताना ढिवर मोहल्ल्यातून आला तर रुखमाबाई दारात कुंकवाची वाटी घेऊन उभी. त्याने कावड खाली टेकवली, तशी त्याच्याकडे न पाहता ती बॅटरीशी वाकली. बोट खुंटीकडे निघालं आणि देवाजीचा हात आपसूक आडवा गेला.

"तिथी नोको बाई. इथी मधात लाव, झाकनावर."

"काऊन? मांगं तं तिथीच..."

ती थांबली. खुंटीला भैयाजीने नवा लाल रंग दिला होता. तिने त्या रंगाकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे. मग पहिल्यांदाच देवाजीच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

हातातली वाटी कलली. कुंकू उंबऱ्यावर सांडत राहिलं, तिने ती सरळ केली नाही.

"मीच काय, भाऊ?"

देवाजीने कावड उचलली नाही. तो तिच्या उंबऱ्यावर, तिच्याजवळ बसला.