सुईची उडी

१९६३ सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या केटरिंगच्या ‘ब्लॅक स्वान’ पबच्या मागच्या खोलीत आमचा ब्लूज क्लब, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांचा क्लब, भरायचा. पब हिल्डाबाईंचा. पुढे त्या बिअर ओतायच्या, मागे आमचा दंगा. तिकिटांना दारावर मी. माझा भाऊ क्लिफर्ड दिवसभर बुटांच्या कारखान्यात तळवे कापायचा आणि गुरुवारी संध्याकाळी ब्लूजच्या माहेरी, मिसिसिपीत जन्मल्यासारखा गिटार वाजवायचा.

त्या ऑक्टोबरात खरोखरच मिसिसिपीचा माणूस आमच्याकडे येणार होता. ल्यूशियस टार्व्हर. इंग्लंडभर त्यांचे कार्यक्रम ठरले होते आणि साथीला इथलीच पोरं हवी होती. वादन पसंत पडलं तर क्लिफर्ड कारखान्यातून सुटणार होता. आठवडाभर त्याला धड जेवण गेलं नाही.

गावात टार्व्हरांची एकच रेकॉर्ड होती, आमच्या घरी. हवाई तळावरच्या एका अमेरिकन सैनिकाकडून घेतलेली, जुनी. ती ऐकून ऐकूनच क्लिफर्ड आणि त्याच्या साथीच्या पोरांनी तिच्यातलं गाणं बसवलं होतं. दुसऱ्या कडव्यात ताल एक मात्रा गिळून एकदम पुढे जायचा. ती जागा साधायला त्यांना उन्हाळाभर झगडावं लागलं.

“साध्या माणसाला सुचायचं नाही हे,” ड्रमवाला नॉर्मन म्हणायचा.

टार्व्हर दुपारी तालमीला आले, कडक इस्त्रीचा सूट घालून. हिल्डाबाईंनी पुढे केलेला सॉसेज रोल त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

“बाई, हे थंडच खायचं?”

“थंडच. आमच्याकडे खोलीसुद्धा थंडच असते.”

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात पोरांनी उडी मारली आणि टार्व्हर एकटेच मागे राहिले.

“थांबा, थांबा! कुठं पळालात रे?”

क्लिफर्ड कानापर्यंत लाल झाला. “तुमच्याच रेकॉर्डवर आहे, साहेब.”

“माझ्या?”

मी धावत घरी जाऊन रेकॉर्ड आणली. हिल्डाबाईंच्या ग्रामोफोनवर दुसरं कडवं आलं आणि सुई टुणकन पुढे गेली. टार्व्हरांनी तबकडी उजेडात धरली.

“पोरा, हा मी नाही. हा ओरखडा आहे.”

नॉर्मनने कपाळावर हात मारला. क्लिफर्ड गिटार पेटीत ठेवू लागला. “उद्यापासून पुन्हा तळवे,” तो पुटपुटला.

“निघालास कुठं?” टार्व्हर म्हणाले. “मी हे गाणं इतकी वर्षं गातोय, मलाच वीट आलाय त्याचा. ओरखडासुद्धा न चुकता वाजवणारा गडी मला दुसरीकडे कुठं मिळायचा? काढ ती गिटार. शिकव मला ती उडी.”

त्यांना काही ती लगेच जमेना. “महाराज, आता!” असं नॉर्मन ओरडायचा आणि ते हसून हसून पुन्हा चुकायचे. शेवटी सगळे एकदम उडाले, तेव्हा हिल्डाबाई गिऱ्हाइकं सोडून दारात येऊन उभ्या होत्या.

क्लिफर्ड टार्व्हरांबरोबर गेला तो कारखान्यात परतलाच नाही. पुढे लीड्सला त्याने गिटार दुरुस्तीचं दुकान टाकलं; तिथेच तो वारला. नॉर्मनला आईने पाठवलं नाही. तो बेकरीतल्या नोकरीतच म्हातारा झाला, अजून चहाच्या टेबलावर बोटांनी ताल धरतो. हिल्डाबाईंनी पब विकला. आमच्या खोलीत आता कुत्र्यांचे केस कापतात. टार्व्हर मायदेशी वारले. जाण्याआधी त्यांनी ते गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, उडीसकट.

ती रेकॉर्ड माझ्याकडे आहे. तिच्यावर एकही ओरखडा नाही.