कायमचा पत्ता

"बाई आन् लेकरू हितं ऱ्हातील. तुमी स्टेशनजवळच्या निवाऱ्यात जा, तिकडं बाप्यांची सोय हाय," प्रेमलाबाईंनी बायांच्या निवाऱ्याचं रजिस्टर उघडत सांगितलं.

ओमप्रकाश दारातच उभा. वय फार तर बावीस. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात टेबलफॅन. बायको शिवकन्या लेकरू कुशीत घेऊन पायरीवर टेकलेली. दुपारी दवाखान्यातून परतली, तर घरमालकिणीनं दारातच अडवलं होतं: घरात देव बसवलेत, बाळंतिणीचा विटाळ नको. सामान तेवढं आजच न्या. दोघांच्या घरच्यांनी तर लग्न केल्यापासूनच दार लावून घेतलेलं.

"मावशी, टाके वले हायेत तिचे. उठवायला माणूस लागतंय. कसं सोडून जाऊ?"

"नियम हाय बाबा."

"मंग आमी तिघं बसस्टँडवर जातो."

त्यानं खरंच फॅन उचलला.

अशी जोडपी अधूनमधून यायची. प्रेमलाबाई नियम सांगायच्या, ती निघून जायची. पुढं कुठं गेली, हे लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता. आठ वर्षं त्या रखवालीला होत्या. रकाना नाही याचं बरंच वाटायचं.

"लेकरू कितव्या दिवसाचं?"

"पाचवा," शिवकन्या म्हणाली. "आज पाचवी हाय, मावशी. सटवाई नशीब लिहायला येती म्हणतेत. बसस्टँडवर कोणच्या बाकड्यावर येईल ती?"

म्हणताना ती हसली. मग पदरानं लेकराचं तोंड झाकत बसली.

प्रेमलाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सतरंज्या-ब्लँकेटांची खोली उघडली.

"ही बायांची न्हाई, बाप्यांची बी न्हाई. सामानाची हाय. आजच्या दिस तुमी सामान."

दिवेलागणीला त्यांनी अंगणातला एक दगड धुऊन आणला, हळदकुंकू लावलं, मूठभर ज्वारी मांडली.

"पाटा-वरवंटा न्हाई का?" शिवकन्येनं विचारलं.

"माझ्या आईची पाचवी मेंढरामागं, वाटंवर झाल्ती. असलाच दगड होता. सटवाई बराबर आल्ती तिथं. पत्ता इचारला न्हाई तिनं."

आता कोरा कागद हवा होता. साऱ्या निवाऱ्यात कागद एकाच ठिकाणी. प्रेमलाबाईंनी रजिस्टरचं पान टर्रकन फाडलं.

"ह्याच्यावर तर छापेल हाय," ओमप्रकाश म्हणाला. "नाव, वय, कायमचा पत्ता."

"असू दे. तिला सोपं जाईल."

सकाळी आठलाच रामप्रसाद सरांचा फोन. निवारा चालवणाऱ्या संस्थेचे ते सुपरवायझर. कुणीतरी कळवलं होतंच. "सामानाच्या खोलीत माणसं ठेवली म्हणे? मी यायच्या आत मोकळी करा. जल्दी."

सांगावं लागलंच नाही. फोनवरचं बोलणं दोघांनी ऐकलं होतं. सतरंज्या घडी करून झाल्या होत्या.

"कुठं जाणार रे आता?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"बघू. फॅन ठिवतो, मावशी. जागा भेटली की न्यायला येतो." मग त्यानं दगडाजवळचा कागद उचलून उलटसुलट पाहिला. "कोराच हाय की वो."

"तिचं लिव्हलेलं दिसत न्हाई."

शिवकन्येनं कागदाची बारीक घडी केली, लेकराच्या टोपड्यात खोचली आणि भिंतीला धरत पायऱ्या उतरली. तिच्याआधी तो एक पायरी उतरून हात पुढे करून थांबत होता.

दहाला सर आले. रजिस्टर चाळताना थबकले.

"सेहेचाळीसनंतर एकदम एकोणपन्नास? मधलं पान कुठंय?"

प्रेमलाबाई खोलीत ब्लँकेटं रचत होत्या. फॅन त्यांनी वरच्या फळीवर ठेवला आणि त्याची वायर नीट गुंडाळली.

"एकीला लिहायला दिलंय, सर."