गैरहजेरी

“अहो, डोळे आहेत की बटणं?” बायकोच्या दाताखाली कचकन खडा आला होता. डाळ मोजणीकाकांनी निवडली होती. “हा तिसरा! मोठे दगड तेवढे काढलेत, बारीक सगळे तसेच.”

काकांचा घास हातातच राहिला.

धरणाच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत ते सव्वीस वर्षं एकच काम करत होते. दर पंधरवड्याला होडीतून जाळं ओढायचं, बाटली भरायची आणि थेंबभर पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातले जीव मोजायचे. म्हणून ते मोजणीकाका. हिवाळ्यात पाणी निवळलं की टुणटुण उड्या मारत पोहणाऱ्या पाणपिसवांचं राज्य. उन्हाळ्यात पाणी आटून कोमट झालं की डोक्यावर चाक फिरवणाऱ्या चक्रधाऱ्यांची झुंबड; हे इतके बारके, की पाणपिसू त्यांच्यापुढे हत्तीच. पावसाळ्यात लोंढा आला की सगळेच वाहून जात आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. काका जावयाचा वाढदिवस दरवर्षी विसरत, पण हे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं.

हा उन्हाळा धरून गेले दोन उन्हाळे मात्र चक्रधारी आलेच नव्हते. काकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी त्यावर मोठा शोधनिबंध लिहिला होता: जलाशय बदलतो आहे. शेवटी आभारात काकांचं नाव होतं. ते आयुष्यात पहिल्यांदाच छापून येणार होतं आणि काकांनी तसं अख्ख्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंना बोलावलं.

“ही काच जरा तुम्ही मोजा. मी मोजलीय. आकडा मागाहून सांगतो.”

“काका, तुमच्या मोजणीवर कोणाला शंका आहे का?”

“मला आहे.”

बाईंनी डोळा लावला. त्यांच्या हातातल्या मोजणीयंत्राची टकटक थांबेचना. काका ती उभ्यानं ऐकत होते.

“चक्रधारी एकशे बारा,” बाई म्हणाल्या. “तुमचे?”

“शून्य.”

बाई खुर्चीत मागे टेकल्या. “जुन्या बाटल्या आहेत?”

“मोजून झालं की ओतून देतो. ठेवायच्या कुठं?”

“म्हणजे निबंध गेला.” मग त्या हळूच म्हणाल्या, “काका, तुम्ही बोलला नसतात तर कोणाला कळलंही नसतं.”

“दोन वर्षं त्यांना गैरहजर लावलं मी, बाई. आणि ते हजर होते.”

त्यांनी नोंदवही ओढली आणि दोन्ही उन्हाळ्यांच्या पानांवर लिहिलं: ‘हे आकडे धरू नयेत. मोजणाऱ्याला दिसत नव्हतं.’ खाली सही केली. लाजेनं कान तापले होते, पण अक्षर सरळ आलं.

मग सवयीनं त्यांनी पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चार पाणपिसवा आणि बाकी सगळं नितळ पाणी.

“दिसतायत का?” बाईंनी विचारलं.

“नाही,” काका म्हणाले. “पण आलेत ना.”