सासऱ्यांची रेसची सायकल

माझे धाकटे दीर, कुंदन भावजी, यांना दोन गोष्टी येतात: मिशीला पीळ देणं आणि दसऱ्याला समोर दिसेल त्याला चंदेरी ऑइलपेंट फासणं. फाटक, पाण्याची टाकी आणि सासऱ्यांची जुनी सायकल. सासरे सांगायचे, हिच्यावर मी रेस मारल्यात. भावजी म्हणायचे, "बाबांच्या थापा. भंगार आहे ते, वहिनी."

सत्त्याण्णव साली माझ्या चैतालीला जिल्ह्याच्या शर्यतीत उतरायचं होतं आणि आमच्या पंचवटीतल्या सायकलच्या दुकानात शर्यतीत पळण्याजोगी एकही सायकल नव्हती. हे गेल्यावर दुकान मीच चालवते. पंक्चरपासून पितळ वितळवून जोड झाळण्यापर्यंत सगळं मोडून मोडून शिकले. ते भंगार भावजींकडून मागून आणलं.

रंगाचे थर खरवडले. जोडांवर पानासारखी नाजूक टोकं निघाली. सीटच्या नळीत बोट फिरवलं. साधी नळी पत्रा वळवून जोडलेली असते, बोटाला रेघ लागते. इथे रेघच नाही, म्हणजे अखंड ओढलेली, रेसच्या सायकलीची नळी. टिचकी मारली तर वाटीसारखी वाजली. सासरे खरं बोलत होते. फक्त पुढच्या जोडाखाली केसाएवढी चीर होती.

हे भावजींना कळलं मात्र, भंगाराची एका दुपारीत वडिलोपार्जित इस्टेट झाली.

"बाईमाणसानं जाळ धरायचा? आपला वेल्डर आहे अंबडला."

"तो फाटकं जोडतो, भावजी. ही नळी पातळ आहे. हिला पितळ लागतं, बेताच्या आचेवर."

"लोखंड ते लोखंड!" म्हणत भावजी सायकल घेऊन गेलेसुद्धा.

संध्याकाळी लोखंड परत आलं. चिरेच्या जागी बोट जाईल एवढं भोक, भोवती करपलेल्या भज्यासारखा वेल्डिंगचा गोळा.

"मालच हलका," भावजी म्हणाले. "सांगत होतो, थापा."

अशा माणसाशी बोलण्यापेक्षा कानस बरी, ती निदान काही घासते तरी. गोळा घासून काढला, भोकावर नळीच्या गोलाईचा पत्रा बसवला, कडेनं पितळ पाझरू दिलं.

शर्यतीच्या सकाळी भावजी कडक इस्त्रीत दारात हजर. "वहिनी, ही आता हॉलमध्ये टांगायची. बाबांची निशाणी. पोरीला दुसरी द्या काहीतरी." आणि हँडलला हात घातला.

चैताली सीटवर बसलेलीच होती. "काका, रेसरचे चिरंजीव ना तुम्ही? धरून दाखवा मग."

हात झटकून ती उताराला लागली. भावजी चपला हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत धावले. तिथे दम लागल्यावर भाजीवाल्या सखुबाईंना सांगत होते, "आमच्या बाबांची सायकल ती. मीच दुरुस्त करून घेतली."