कुमुदिनीताईंचे उघडे खाते

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच फुटली आहे. कुमुदिनीताई गेल्याचे त्यांच्या घरी कळले ते माझ्यामधूनच. दिल्लीत मयूर विहारच्या त्यांच्या इमारतीच्या जिन्यात मी त्यांच्या रक्तात पडून वाजत होतो. एका हवालदाराने मला उचलले. पडद्यावर नाव होते, ‘अहो’.

“अहो जी बोल रहे हैं? इनके कौन लगते हैं आप?”

“हसबंड. फोन आपके पास कैसे?” भालचंद्र नोएडाच्या ऑफिसातून बोलत होते.

“घर आ जाइए. चाकू मारा है किसी ने. साँस नहीं चल रही.”

ताईंनी मला नेहरू प्लेसच्या बाजारातून आणले होते. पिठाच्या हातांनी धरायच्या आणि पदराला पुसायच्या. पुण्याची बहीण म्हणायची, “तुझ्या नवऱ्यापेक्षा हा जास्त ऐकतो.” पुढे ताईंनी माझ्यावर घरगुती जेवण विकण्याचे एक अ‍ॅप घेतले. पुरणपोळी, थालीपीठ. त्यात स्वतःचा फोटो आणि पत्ता घातला, आणि खाली लिहिले, ‘दुपारी मी घरी एकटीच असते व झोपते. बेल वाजवू नये.’ हेच हिंदीतही लिहिले.

भालचंद्र हसले. “दिल्लीत येऊनही पाटी लावलीसच.”

“लावणारच. तुम्ही डबे भरा.”

डब्यांचे कौतुक होऊ लागले. मग एक ग्राहक जेवण सोडून फोटोबद्दल लिहू लागला. ताईंनी झापले, तेव्हा शिव्या देऊ लागला.

“काढून टाक ते अ‍ॅप,” भालचंद्र म्हणाले. ताईंनी चिन्ह दाबून धरले आणि काढून टाकले. “सुटले एकदाची.”

सुटल्या नव्हत्या. माझ्यावरचे चिन्ह तेवढे गेले. खाते कंपनीकडे जसेच्या तसे राहिले. फोटो, पत्ता, पाटी, सगळे.

तो शिव्या देणारा ग्राहक दुपारीच आला. ताई झोपल्या नव्हत्या, मुलीसाठी, सुखदासाठी, पोळ्या लाटत होत्या. दार उघडताच त्याने पोटात चाकू खुपसला. ताईंनी लाटणे त्याच्या तोंडावर हाणले, त्याचे नाक फुटले. मला घेऊन त्या जिन्याकडे धावल्या. त्याने केस धरून त्यांना पाडले, टाचेने मला ठेचले आणि पुन्हा वार केले. किती, ते मी सांगणार नाही. गेटवर लोकांनी त्याला धरले आणि इतके मारले की पोलिसांना त्याला उचलून गाडीत घालावे लागले. पण त्यामुळे ताई काही उठल्या नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर भालचंद्रांनी सर्वांत आधी ताईंचा नंबर बंद केला. तो नंबर त्यांना बघवत नव्हता. पोलिसांनी मला परत दिले, त्या सुमारास सुखदाला ते खाते दिसले. आईच्या फोटोखाली अनोळखी लोक घाण लिहीत होते. खाते मिटवायचे तर ओटीपी हवा होता, आणि तो जात होता बंद नंबरवर. नंबर परत मागितला, तर तो दुसऱ्या कोणाला देऊन झाला होता. कंपनीने कळवले, नोंदवलेल्या नंबरवरूनच विनंती करा.

भालचंद्रांनी मला भिंतीवर आपटले. उचलून पुन्हा आपटले.

“बाबा, पुरे. त्यात आईचा आवाज आहे.”

“मग कोणाला आपटू? तो तुरुंगात बसलाय.”

“बसा इथे. आईच्या मृत्यूचा दाखला जोडून विनंती पुन्हा पाठवू.”

मित्रांनो, अ‍ॅप काढले म्हणजे खाते मिटत नाही. आधी सेटिंगमध्ये जाऊन खाते कायमचे मिटवा. फोटो, पत्ता पुसून टाका असे कंपनीला कळवा. मग अ‍ॅप काढा. घरातले कोणी गेले, तर त्याची खाती मिटेपर्यंत त्याचा नंबर बंद करू नका. मोठ्यांनाही सांगा, त्यांनाही हे ठाऊक नसते.

सुखदाने दाखला पाठवला आहे. उत्तर आलेले नाही. कुमुदिनीताईंचे खाते अजून मिटवायचे राहिले आहे.